नागपूरहून निघणाऱ्या कॅम्पर गाडीची वीज: सोलर, बॅटरी की जनरेटर?

डिसेंबरात रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठी दोन माणसांनी गाडीत एक दिवस काढला आणि तीच दोन माणसे मे महिन्यात त्याच जागी, त्याच गाडीत राहिली, तर विजेचा खर्च तिपटीहून जास्त होतो. हे गणित पुढे मांडलेच आहे. ते आधी सांगण्याचे कारण असे की, नव्याने कॅम्पर गाडी तयार करणारा माणूस दुकानात जातो तेव्हा ‘सोलर घेऊ, मोठी बॅटरी घेऊ की जनरेटर’ असे विचारतो आणि दुकानदार आपल्याकडे जो माल पडून आहे त्याप्रमाणे उत्तर देतो. मुक्काम कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि कुठे करायचा आहे, हे दोघांपैकी कोणीच काढत नाही.

मुळात या तिघांची तुलना करणेच चुकीचे आहे. बॅटरी ही टाकी आहे. सोलर आणि जनरेटर हे ती टाकी भरणारे नळ आहेत. टाकी तर लागणारच, कारण दिवे आणि पंखे रात्री लागतात आणि ऊन दिवसा पडते. प्रश्न उरतो तो टाकी केवढी असावी आणि कोणत्या नळाने भरावी एवढाच. शिवाय तिसरा नळ प्रत्येक गाडीत आधीपासूनच असतो, तो म्हणजे चालत्या इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर. त्याच्याबद्दल नवखा माणूस सहसा विचारत नाही आणि माझ्या मते सर्वांत स्वस्तात पदरी पडणारी वीज तीच आहे.

पहिली पायरी: वहीत एका दिवसाचा हिशोब

काहीही विकत घेण्यापूर्वी वहीत एक तक्ता करावा. प्रत्येक उपकरणाचे वॅट, ते दिवसात किती तास चालणार आणि दोन्हींचा गुणाकार, म्हणजे वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले की महावितरणच्या बिलातले एक युनिट होते, त्यामुळे हा आकडा घरच्या अनुभवाशी ताडून पाहता येतो.

डिसेंबरातील दोन माणसांचा माझा तक्ता असा आहे. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे ७५. तीन फोनांचे चार्जिंग ४५, एक लॅपटॉप ६०, पाण्याचा १२ व्होल्टचा ६० वॅटचा पंप दिवसभरात मिळून पाव तास, म्हणजे १५. चाळीस लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज थंडीत थोडाच वेळ चालतो आणि चोवीस तासांत ४०० च्या आसपास घेतो. बेरीज ५९५ वॅट-तास, सहाशे धरू.

आता मे महिना. दिवे ६०, फोन ४५, पंप २०. फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद व्हायचे नावच घेत नाही, म्हणून तो ७५० वर जातो. वीस वॅटचे दोन पंखे चौदा तास, म्हणजे ५६०, आणि ५० वॅटचा १२ व्होल्टचा छोटा कूलर दहा तास, म्हणजे ५००. बेरीज १९३५. लॅपटॉप मी मुद्दाम धरलेला नाही, कारण त्या उकाड्यात कोणी काम करत नाही.

कूलरचा उल्लेख पाहून पुण्या-मुंबईकडील वाचकाला आश्चर्य वाटेल, पण नागपूरकराला वाटणार नाही. नवतप्यातील, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतील, हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताटीतून येणारा वारा कितीतरी पटींनी जास्त वीज खाणाऱ्या एसीची बरीचशी उणीव भरून काढतो. मात्र तो विजेऐवजी पाणी पितो. छोटा कूलरही तासाला दोन-तीन लिटर सहज संपवतो, म्हणजे रात्रीला पंचवीस-तीस लिटर पाणी वेगळे ठेवावे लागते. आणि मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्याच कूलरमुळे अंग चिकचिकते, तेव्हा तो काढून घरी ठेवावा.

एसीचे मात्र वेगळे आहे. बाहेर ४५ अंश असताना एक टनाचा एसी ९०० ते १००० वॅट घेतो, आणि पत्र्याच्या गाडीत त्याला विश्रांती मिळत नाही. रात्रभरात पाच ते सात युनिटे लागतात, तर पुढे सांगितलेली १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप) बॅटरी सव्वा युनिटाच्या आत आटोपते. त्यामुळे मेमध्ये एसी लावूनच झोपायचे असेल, तर वीजजोड देणाऱ्या रिसॉर्टच्या आवारात गाडी लावावी, किंवा सरळ अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला जावे. छतावर चार पॅनेल लावून हा प्रश्न सुटेल असे कोणी सांगितले, तर त्याला ही बेरीज दाखवावी.

तापवणारी उपकरणे तक्त्यात घेऊच नयेत. इंडक्शन शेगडी, चहाची किटली, गिझर ही सगळी १५०० ते २००० वॅटची मंडळी आहेत. सावजी मटण तासभर मंद आचेवर इंडक्शनवर शिजवले, तर डिसेंबरातील अख्ख्या दिवसाची वीज एका पातेल्यात जाते. त्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा.

तक्त्याच्या शेवटी एक ओळ हमखास राहून जाते. बारा व्होल्टचे २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसतानाही दहा-वीस वॅट खात राहतो. दिवसरात्र सुरू ठेवला तर त्याचेच अडीचशे ते पाचशे वॅट-तास होतात, म्हणजे एका फ्रीजएवढे. म्हणून दिवे, पंखे, फ्रीज आणि पंप १२ व्होल्टचेच घ्यावेत आणि इन्व्हर्टर लॅपटॉप किंवा मिक्सरपुरता सुरू करून लगेच बंद करावा.

दुसरी पायरी: टाकी केवढी आणि कशाची

भारनियमनाच्या दिवसांपासून नागपुरात घरोघरी इन्व्हर्टर आणि त्याखाली ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, बॅटरी आहे, त्यामुळे ‘घरचीच बॅटरी गाडीत ठेवू’ हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. माझ्याही आला होता. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते, पण तिचे आयुष्य टिकवायचे असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ९०० उरतात. वजन पंचावन्न-साठ किलो. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या जागेत ती उघडी ठेवता येत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागल्यावर वळणावळणांत माझ्या बॅटरीचे आम्ल टोपणांतून सांडले आणि खालची प्लायवूडची फळी काळी पडून फुगली. त्या फळीवर अंथरूण नव्हते, एवढेच नशीब.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानात ज्याला एलएफपी म्हणतात, ती १०० एएचची बॅटरी १२८० वॅट-तासांची असते. तिच्यातून ८५ टक्के निर्धास्त काढता येतात, म्हणजे जवळपास १०९० मिळतात, आणि वजन अकरा-तेरा किलो. खरेदीच्या दिवशी ती महाग वाटते. पण चांगली बॅटरी दोन-तीन हजार वेळा भरली-रिकामी होऊ शकते आणि गाडीत वजनालाही किंमत असते. नव्याने घेणाऱ्याने एलएफपीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरी चांगली ट्यूब्युलर पडून आहे आणि ज्याला हिवाळ्यात दोनदाच बाहेर पडायचे आहे, त्याने मात्र आधी तिच्यावर भागवून पाहायला हरकत नाही. फक्त ती हवेशीर, घट्ट बांधलेल्या पेटीत आणि झोपायच्या जागेपासून वेगळी ठेवावी.

आकारमानाबद्दल माझा ठोकताळा असा: एका दिवसाच्या गरजेच्या दीडपट. डिसेंबरच्या सहाशेला नऊशे, म्हणजे एक १०० एएच पुरते. बारमाही फिरायचे असेल तर २०० एएच घ्यावी. मेच्या दिवसाची दीडपट तिच्यातही बसत नाही, पण त्या दिवसांत पहाटे सहापासून ऊन हाताशी असते आणि रात्रीपुरते साठले म्हणजे निभते.

आता उष्णतेचा विषय, जो इंग्रजी मार्गदर्शकांत फारसा सापडत नाही, कारण ते थंड देशांसाठी लिहिलेले असतात. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करू नये, हे त्यांत ठळकपणे दिलेले असते. लडाख-स्पितीला जाणाऱ्याने ते लक्षात ठेवावे, विदर्भात त्याची वेळ येत नाही. आपला प्रश्न वरच्या टोकाचा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे, आणि बाहेर ४४ असतानाही बंद गाडीच्या आत पन्नाशी सहज ओलांडते.

एका मेमध्ये खिंडसीला मी गाडी मुद्दाम उन्हात उभी केली होती, कारण छतावर दोनशे वॅटचे पॅनेल होते. काचा बंद करून आम्ही आंब्याखाली जाऊन बसलो. दीडच्या सुमारास मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहिले तर कडक उन्हात चार्जिंग शून्य. पॅनेल ठीक, पॅनेलची वीज आवरून बॅटरीला देणारा कंट्रोलर ठीक, फ्यूज ठीक. शेवटी मागच्या बाकाखालची बॅटरी उघडली, तर तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटने) ५६ अंश दाखवून चार्जिंग थांबवले होते. त्या बॅटरीची मर्यादा ५५ होती. ती बाकाखाली, चारही बाजूंनी फळ्यांत आणि थेट गरम पत्र्यावर ठेवलेली होती. म्हणजे सर्वांत जास्त ऊन असलेल्या चार तासांत, उन्हासाठीच उन्हात उभी केलेली गाडी, उन्हामुळेच वीज घेत नव्हती. पहाटे फ्रीज बंद पडला आणि दूध नासले.

त्यानंतर बॅटरी तळापासून दोन इंच वर लाकडी ठोकळ्यांवर घेतली, पेटीला दोन्ही बाजूंनी भोके पाडली, आणि संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला, जो दोन-तीन वॅट घेतो. खरेदी करताना बॅटरीच्या कागदावर ‘चार्जिंगचे कमाल तापमान’ पाहावे; ४५ लिहिले असेल तर ती नागपूरच्या उन्हाळ्यासाठी नव्हे.

बॅटरीत किती वीज उरली आहे, हे एलएफपीत व्होल्टेज पाहून कळत नाही, कारण ते जवळजवळ शेवटपर्यंत सारखेच राहते आणि मग एकदम कोसळते. आत-बाहेर जाणारी वीज मोजणारा, शंटवर, म्हणजे तारेच्या वाटेत बसवलेल्या मोजपट्टीवर, चालणारा बॅटरी मॉनिटर पहिल्या दिवसापासून लावावा. वर दिलेले फ्रीजचे आकडे मला त्यानेच दिले. कंपनीच्या पत्रकातला आकडा वेगळाच, बराच सुखद होता.

ज्यांना गाडीला भोकेच पाडायची नाहीत, किंवा जे भाड्याच्या गाडीने जातात, त्यांच्यासाठी बॅटरी, इन्व्हर्टर आणि सोलर कंट्रोलर एकाच डब्यात असलेले पॉवर स्टेशन हा सरळ मार्ग आहे. एक युनिटाच्या आसपासचे पॉवर स्टेशन डिसेंबरची गरज भागवते. बिघडले तर मात्र सगळे एकदम बिघडते.

तिसरी पायरी: चालत्या गाडीची वीज

इंजिन सुरू असताना अल्टरनेटरची वीज गाडीत राहण्यासाठी बसवलेल्या या बॅटरीत टाकणारा डीसी-डीसी चार्जर मिळतो. तीस अँपिअरचा घेतला तर तासाला साधारण ४०० वॅट-तास जमा होतात, म्हणजे दोनशे वॅटच्या पॅनेलला कडक उन्हात जे जमत नाही ते. एलएफपी बॅटरी अल्टरनेटरला साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) थेट जोडू नये; ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरचे व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी-जास्त होते, त्यामुळे थेट जोडणी करूनही बॅटरी पूर्ण भरत नाही. चार्जर मध्ये असला की दोन्ही प्रश्न मिटतात.

हा नळ किती कामाचा, हे प्रवासाच्या अंतरावर ठरते. नागपूरहून अमरावतीमार्गे चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि पाच तास सहज लागतात. तेवढ्यात रिकामी १०० एएच पूर्ण भरून वर वेळ उरतो. रामटेकला मात्र पन्नासेक किलोमीटरांत, तास-सव्वा तासात पोहोचतो, म्हणजे चारशे-पाचशेच पदरात पडतात. म्हणून जो रोज मुक्काम हलवतो त्याला सोलरची जवळजवळ गरज नसते, आणि जो एकाच झाडाखाली तीन दिवस ठाण मांडतो त्याला अल्टरनेटर दुसऱ्या दिवसापासून निरुपयोगी होतो. उभ्या गाडीचे इंजिन नुसते चार्जिंगसाठी घरघरत ठेवणे हा डिझेलचा अपव्यय आहे आणि शेजाऱ्यांचे शापही लागतात.

चौथी पायरी: सोलर, आणि सावलीचे भांडण

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या, २५ अंश तापमानाच्या पॅनेलचे असतात. नागपूरच्या मेमध्ये छतावरच्या पॅनेलचा पृष्ठभाग ७० अंशांपर्यंत जातो, आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. म्हणजे केवळ तापल्यामुळे सोळा ते अठरा टक्के वीज गेली. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवले तर तोटा आणखी वाढतो. खालून हवा खेळेल इतकी, दोन-तीन इंचांची, फट ठेवावी. लवचिक, चिकटवायची पॅनेले दिसायला छान असतात, पण आपल्या उन्हाळ्यात मी ती घेणार नाही.

दिवसभराचे उन्हाचे तास धरून आणि सगळे तोटे वजा करून मी असा अंदाज बांधतो: आडव्या बसवलेल्या दोनशे वॅटच्या पॅनेलमधून डिसेंबरात सहाशेच्या थोडे वर, मेमध्ये साडेसातशे-आठशे, आणि पावसाळ्यात बऱ्यापैकी दिवशी चार-पाचशे वॅट-तास. झडीच्या दिवशी दीडशेही मिळत नाहीत. डिसेंबरचा हिशोब दोनशे वॅटमध्ये जेमतेम जुळतो. मेचा हिशोब पाचशे वॅट लावले तरच जुळतो, आणि तेवढी जागा छोट्या गाडीच्या छतावर नसते.

जागा असली तरी एक भांडण राहतेच. मेमध्ये माणसाला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. दोघे एकाच गाडीवर आहेत. कडुनिंबाच्या विरळ सावलीत पॅनेल अर्धी वीज तरी देईल असे नवख्याला वाटते. तसे होत नाही. पॅनेलमधले सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, आणि एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी त्या पट्ट्यातली सगळी साखळी मंदावते.

माझे उत्तर असे: गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. घडीचे शंभर किंवा दोनशे वॅटचे पॅनेल घ्यावे, दहा मीटर तार ठेवावी आणि सकाळी आठ, दुपारी बारा व तीन अशा तीन वेळी त्याचे तोंड फिरवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, तेव्हा पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपे उभे केल्याचा फायदा स्पष्ट दिसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मध्यान्ही सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीचीही सावली पडत नाही, तेव्हा आडवे ठेवलेलेच बरे. तार चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. शंभर वॅटच्या पॅनेलला दहा मीटर दीडची तार लावली तर सात-आठ टक्के वीज तारेतच जिरते. चारच्या तारेत तीन टक्क्यांच्या आसपास. कंट्रोलर पॅनेलजवळ न ठेवता बॅटरीजवळ ठेवावा, आणि तो एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, असावा. घरांच्या छतावर लावतात ती जास्त व्होल्टेजची मोठी पॅनेले गाडीवर बसवायची असतील, तर एमपीपीटीला पर्यायच नाही.

जमिनीवर पसरलेल्या पॅनेलला एक स्थानिक धोका आहे. रामटेकची आणि चिखलदऱ्याची वानरे त्यावर येऊन बसतात. सावली पडते ती वेगळी, पण एकदा एकाने जोडणीची तारच दातात धरली होती. तेव्हापासून पॅनेल नजरेच्या टप्प्यात आणि खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवतो.

पाचवी पायरी: जनरेटर कोणी घ्यावा

बहुतेक नवख्यांनी घेऊ नये. सलग तीन-चार दिवस झडीत एका जागी राहायचे असेल, सोबत कोणाचे विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण असेल, किंवा एसीचा आग्रहच असेल, तर तो लागतो. वर्षातून एकदाच गरज असेल तर भाड्याने आणावा.

घ्यायचाच असेल तर पेट्रोलवर चालणारा छोटा इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा, कारण त्याची वीज स्थिर असते आणि भार कमी असताना तो इंजिनाचा वेग उतरवतो. एक केव्हीएचा जनरेटर बॅटरीसाठी पुरेसा आहे. एसीसाठी दोनच्या खाली जाऊ नये. चिखलदऱ्यासारख्या उंचीवर विरळ हवेमुळे त्याची ताकद दहा-बारा टक्क्यांनी घटते, हे धरून चालावे. आणि एक चूक फार जण करतात: नऊशे वॅटचा जनरेटर आणून त्याला दहा अँपिअरचा चार्जर जोडतात. तो चार्जर दीडशे वॅटच बॅटरीत टाकतो, आणि उरलेल्या क्षमतेचे नुसते पेट्रोल जळते. शंभर एएच भरायला दहा तास लागतात. बॅटरीला चालत असेल तर चाळीस अँपिअरचा चार्जर घ्यावा, म्हणजे तेच काम अडीच-तीन तासांत उरकते.

आता जिवाचा प्रश्न. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही, वास नाही. जनरेटर गाडीत, गाडीखाली, तंबूच्या पडवीत, मागचे दार उघडे ठेवूनही चालवू नये. गाडीपासून किमान सहा मीटर दूर, धुराचे तोंड गाडीच्या उलट दिशेला आणि वारा गाडीकडे येत नसेल असा ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो शेगडीसाठीही उपयोगी आहे. जनरेटरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वायरिंगवर कधीही एकत्र येऊ देऊ नये. मध्ये एका वेळी एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शांत म्हणवणारा जनरेटरही सात मीटरवर त्याहून मोठा असतो. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात खासगी गाडीत रात्र काढताच येत नाही. जंगलाच्या कडेच्या मुक्कामांवरही, पेंच असो, नागझिरा असो, जनरेटर चालेल का हे आधी विचारावे आणि नाही म्हटले तर वाद घालू नये. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत साग-मोहाचा पाचोळा जमिनीवर कोरडाठाक असतो, त्यावर गरम सायलेन्सर ठेवणे म्हणजे वणव्याला आमंत्रण. जमीन झाडून, मोकळ्या मुरमावरच तो ठेवावा. सुटे पेट्रोल पंपावर सहज मिळत नाही आणि ते गाडीच्या आत ठेवण्याची वस्तूही नाही, तेव्हा टाकी घरूनच भरून न्यावी.

सहावी पायरी: तारा आणि फ्यूज

बारा व्होल्टवर हजार वॅटचा इन्व्हर्टर म्हणजे नव्वद ते शंभर अँपिअर. घरातल्या गिझरच्या तारेतून जेवढा प्रवाह जातो त्याच्या दहापट. माझ्या गाडीचे पहिले वायरिंग एका वर्कशॉपने दहा चौरस मिलिमीटरच्या तारेत करून दिले होते, आणि शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर फिरवताच तारेवरचे प्लास्टिक वितळल्याचा वास आला. तिथे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. नागपूरच्या इतवारी बाजारात ती मीटरवर मिळते. लग (तारेच्या टोकाला बसणारे धातूचे जोड) हातोडीने न ठोकता हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यावेत. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा, म्हणजे मधल्या तारेला कुठे पत्रा घासला तरी आग लागण्याआधी तो उडतो. घरातल्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेचे एमसीबी इथे चालत नाहीत, डीसी (बॅटरीच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेसाठीचेच घ्यावेत.

गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल करण्यापूर्वी, विशेषतः छतावर वजन चढवण्यापूर्वी, आरटीओची परवानगी लागते का हे विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

सातवी पायरी: अंगणातल्या दोन रात्री

सगळे जोडून झाले की लगेच नवेगाव बांध गाठू नये. स्वतःच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात, घरची वीज न घेता, दोन रात्री गाडीत झोपावे. मॉनिटरवरचे आकडे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता वहीत लिहावेत आणि पहिल्या तक्त्याशी ताडावेत. माझ्या पहिल्या अंदाजात फ्रीज निम्म्यानेच धरलेला होता, आणि ते घरापासून वीस पावलांवर कळले. ही चाचणी ज्या ऋतूत जायचे त्याच ऋतूत करावी. डिसेंबरात पास झालेली गाडी मेमध्ये नापास होऊ शकते. खरेदीचा क्रमही यावरून ठरवता येतो: आधी बॅटरी, मॉनिटर आणि डीसी-डीसी चार्जर, मग दोन-तीन सहलींनंतर जेवढी तूट दिसेल तेवढेच सोलर.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर एलएफपी पूर्ण भरून न ठेवता निम्मी-साठ टक्के भरून सगळे भार तोडावेत, आणि महिन्यातून एकदा मॉनिटर पाहावा. ट्यूब्युलर असेल तर उलट ती पूर्ण भरलेलीच ठेवावी आणि पाण्याची पातळी तपासावी. जनरेटरची टाकी रिकामी करून, तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवावा, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलही संपते. तसे केले नाही तर दिवाळीच्या सुटीत दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि तो सुरू होत नाही.